इस्केमिक स्ट्रोकनंतरच्या मेंदूचे कार्यात्मक प्रतिमांकन: आधी रक्ताची चौकशी, मग चेतापेशींची

एफएमआरआयच्या (मेंदूचे काम दाखवणाऱ्या एमआरआय तपासणीच्या) पडद्यावर जो रंगीत ठिपका दिसतो तो चेतापेशींच्या कामाचा प्रत्यक्ष पुरावा नसतो. चेतापेशी कामाला लागल्या की आसपासच्या केशवाहिन्यांत रक्त वाढते आणि त्या वाढलेल्या रक्ताची खूण स्कॅनर टिपतो. निरोगी मेंदूत हा फरक विसरला तरी सहसा निभावून जाते, कारण चेतापेशी आणि रक्तवाहिन्या यांचे नाते तेथे शाबूत असते. इस्केमिक स्ट्रोकमध्ये, म्हणजे वाहिनी बंद पडून मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो तेव्हा, मात्र आजार मुळात रक्तवाहिनीचाच असतो. त्यामुळे स्ट्रोकग्रस्त मेंदूच्या नकाशावर एखादी जागा कोरी दिसली, तर तिचे तीन अर्थ संभवतात: तेथील ऊती मेलेली आहे, ऊती जिवंत असूनही निष्क्रिय झाली आहे, किंवा ऊती व्यवस्थित काम करत आहे पण तिच्या कामाला रक्ताचा प्रतिसाद मिळत नाही. हे तीन अर्थ एकमेकांपासून वेगळे कसे काढावेत, हाच या मार्गदर्शनाचा विषय आहे. एमआरआयचे प्राथमिक ज्ञान असलेल्या, पण स्ट्रोकच्या रुग्णांवर प्रथमच अभ्यास आखणाऱ्या वाचकासाठी ते लिहिले आहे.

प्रश्न कोणत्या काळातला आहे

पहिली पायरी म्हणजे आपला प्रश्न स्ट्रोकनंतरच्या कोणत्या टप्प्याचा आहे हे निश्चित करणे. पहिल्या काही तासांत ‘कोणती ऊती वाचवता येईल’ हा प्रश्न असतो, तर काही आठवड्यांनंतर ‘वाचलेली ऊती काय काम करते आहे’ हा. दोन्ही प्रश्नांना एकच तंत्र लावणे ही नवख्या संशोधकाची सर्वांत सामान्य चूक असते.

तासांच्या टप्प्यातील विचाराचा पाया रक्तप्रवाहाच्या मर्यादांवर उभा आहे. मेंदूच्या प्रत्येक १०० ग्रॅम ऊतीला मिनिटाला साधारण ५० मिलीलिटर रक्त मिळते. हा प्रवाह २० मिलीलिटरच्या आसपास घसरला की चेतापेशींचे विद्युत कार्य थांबते, परंतु पेशी लगेच मरत नाहीत; तो सुमारे १० मिलीलिटरच्या खाली गेला की पेशीपटलावरील आयनांचे संतुलन कोसळते आणि थोड्याच वेळात पेशी मरते. या दोन मर्यादांच्या मध्ये असलेल्या, मूक पण जिवंत ऊतीला ‘पेनम्ब्रा’ हे नाव १९८१ मध्ये आस्ट्रुप, सिस्यो आणि सायमन यांनी रूढ केले. ग्रहणातील गडद छायेभोवतीच्या उपच्छायेवरून घेतलेला हा शब्द फारच समर्पक आहे, फक्त एक फरक ध्यानात ठेवावा: ग्रहणातील उपच्छाया आपोआप सरते, मेंदूतील उपच्छाया मात्र वेळेवर रक्त न मिळाल्यास गडद छायेतच विलीन होते. मोठी रोहिणी बंद पडलेल्या स्ट्रोकमध्ये उपचाराविना मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. म्हणून या टप्प्यातील कोणताही संशोधन-स्कॅन उपचाराला एका मिनिटानेही लांबवणारा नसावा, आणि जी मोजणी उपचाराच्या निर्णयासाठी तशीही केली जाते तिच्यावरच अभ्यास बेतावा.

अशा मोजण्या दोन आहेत. डिफ्यूजन प्रतिमा पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजते. पेशी सुजू लागल्या की ही हालचाल मंदावते, आणि प्रवाह तुटल्यावर काही मिनिटांतच हा बदल दिसू लागतो. एडीसी (पाण्याचे रेणू पसरण्याचा दर) हे त्याचे मोजमाप असून, ते ६२० × १०⁻⁶ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद याहून खाली गेलेला भाग सामान्यतः इन्फार्क्टचा (रक्ताअभावी मेलेल्या ऊतीचा) गाभा मानला जातो. परफ्यूजन प्रतिमा रक्ताचा प्रवाह किती आणि किती उशिरा पोचतो ते दाखवते. शिरेतून दिलेल्या गॅडोलिनियम या खुणेच्या द्रव्याचा लोट ऊतीतून जाताना संकेत कधी आणि किती पडतो यावरून टीमॅक्स, म्हणजे लोट पोचण्यातला उशीर, काढतात, आणि ६ सेकंदांहून अधिक उशीर हा गंभीर रक्ततुटवड्याचा निकष समजला जातो. परफ्यूजनमध्ये बिघडलेला पण डिफ्यूजनमध्ये अजून न बिघडलेला प्रदेश म्हणजे कामचलाऊ अर्थाने पेनम्ब्रा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डिफ्यूज-३ या चाचणीत स्ट्रोकनंतर ६ ते १६ तासांतले रुग्ण याच हिशेबाने निवडले गेले: गाभा ७० मिलीलिटरहून कमी, बाधित प्रदेश आणि गाभा यांचे गुणोत्तर किमान १.८, आणि दोहोंतील फरक किमान १५ मिलीलिटर.

‘कामचलाऊ’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. हे आकडे उपचाराचा निर्णय घेण्यासाठी उत्तम असले तरी ते ऊतीच्या जीवशास्त्राचे अचूक सीमाचिन्ह नव्हेत. परफ्यूजनने बाधित ठरवलेल्या प्रदेशाच्या कडेचा काही भाग उपचाराविनाही तगतो, आणि रक्तप्रवाह लवकर पूर्ववत झाल्यास डिफ्यूजनमधील बिघाडाचा काही भाग मागे फिरू शकतो. शिवाय एडीसी कायम कमी राहत नाही; साधारण एक ते दोन आठवड्यांच्या सुमारास ती वाढत वाढत सामान्य किमतीवरून पुढे जाते. त्या दिवसांत घेतलेल्या स्कॅनमध्ये मेलेली ऊती एडीसीच्या नकाशावर निरोगी भासते. अशा वेळी फ्लेअर (इजा उजळ दाखवणारी एमआरआय) प्रतिमा जवळ नसेल तर फसगत ठरलेली.

ऑक्सिजन-१५ हा किरणोत्सारी ऑक्सिजन वापरून केलेली पेट तपासणी यापेक्षा थेट उत्तर देते, कारण ती रक्तप्रवाहासोबत ऊतीने रक्तातून किती ऑक्सिजन उचलला हेही मोजते. निरोगी मेंदू रोहिणीतील ऑक्सिजनपैकी साधारण ४० टक्के उचलतो. प्रवाह घटूनही ऊती जिवंत असेल तर ती हे प्रमाण दुपटीच्या जवळ नेते, आणि मेलेली ऊती रक्त मिळाले तरी ऑक्सिजन उचलत नाही. तिन्ही शक्यतांचा निवाडा याहून स्वच्छ कोणतेही तंत्र करत नाही. तथापि ऑक्सिजन-१५ चे अर्धायुष्य अवघे १२२ सेकंद असल्याने ते तयार करणारे सायक्लोट्रॉन यंत्र स्कॅनरच्या शेजारीच लागते, आणि म्हणून बहुतेक संशोधकांना हा मार्ग बंदच असतो. पुढील सर्व विवेचन एमआरआयपुरते आहे.

बोल्ड संकेत कोठे दगा देतो

ऑक्सिजन गमावलेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात वेगळे वागते, हे पॉलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ मध्येच दाखवले होते. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये याच गुणधर्माचा उपयोग प्रतिमांकनासाठी केला आणि १९९२ मध्ये माणसाच्या मेंदूतील पहिले बोल्ड (रक्तातील ऑक्सिजनच्या पातळीवर अवलंबून असलेल्या संकेताचे) निष्कर्ष आले. चेतापेशी सक्रिय झाल्यावर ऑक्सिजनच्या खर्चापेक्षा रक्ताचा पुरवठा अधिक वाढतो, त्यामुळे ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन धुऊन निघते आणि संकेत एक ते काही टक्क्यांनी वाढतो. हा प्रतिसाद साधारण ५ ते ६ सेकंदांत शिखर गाठतो, आणि विश्लेषणाची प्रचलित प्रतिमाने नेमकी हीच वेळ गृहीत धरतात.

आता मानेतील कॅरोटिड रोहिणी अरुंद झालेल्या रुग्णाचा विचार करू. रक्तप्रवाह कमी पडू नये म्हणून पलीकडच्या सूक्ष्म रोहिण्या आधीच पूर्ण विस्फारलेल्या असतात. चेतापेशींनी अधिक रक्त मागितले तरी या रोहिण्यांना आणखी विस्फारता येत नाही. तेथील बोल्ड प्रतिसाद खुजा होतो, काही सेकंद उशिरा येतो, आणि कधी चक्क उलटा, म्हणजे ऋण, होतो. रुग्ण बोटे सफाईने हलवत असतो, तरीही हालचालीचा कॉर्टेक्स (मेंदूचे बाह्यपटल) नकाशावर कोरा राहतो. अशा नकाशावरून ‘काम विरुद्ध गोलार्धाने हाती घेतले’ असा निष्कर्ष काढला, तर जो गोलार्ध केवळ रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने निरोगी आहे त्यालाच आपण पुनर्रचनेचे श्रेय देऊन बसतो.

यावरचा उपाय म्हणजे रक्तवाहिन्यांची विस्फारक्षमता स्वतंत्रपणे मोजणे. माझ्या मते स्ट्रोकवरील कोणत्याही बोल्ड अभ्यासात ही मोजणी ऐच्छिक नसून अनिवार्य असावी. ती करण्याचे तीन मार्ग आहेत. वैद्यकीय देखरेखीखाली सुमारे ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा मुखवट्यातून आळीपाळीने द्यावी आणि त्याच वेळी बोल्ड प्रतिमा घ्याव्यात. कार्बन डायऑक्साइडने रक्तवाहिन्या विस्फारतात पण चेतापेशींचे काम फारसे बदलत नाही, म्हणून मिळणारा नकाशा प्रामुख्याने वाहिन्यांचा असतो. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड सतत नोंदवला तर प्रतिसाद त्याच्या प्रमाणात मांडता येतो. मुखवट्याची सोय नसल्यास रुग्णाला उच्छ्वासाअखेर सुमारे १५ सेकंद श्वास रोखायला सांगून हेच साधता येते. मात्र ज्याला सूचना समजत नाहीत किंवा ज्याच्या चेहऱ्याचे स्नायू दुर्बल आहेत अशा रुग्णाकडून ते नीट होत नाही. तिसरा मार्ग विश्रांतावस्थेतील (रुग्णाला काहीही काम न देता घेतलेल्या) स्कॅनचाच पुनर्वापर करण्याचा आहे: ०.०१ ते ०.१ हर्ट्झ या मंद कंपनांची लाट संपूर्ण मेंदूच्या सरासरी लाटेच्या तुलनेत प्रत्येक व्हॉक्सेलमध्ये (प्रतिमेच्या सूक्ष्म घनात) किती उशिरा पोचते, हे काढले की रक्त उशिरा पोचणारे प्रदेश उघडे पडतात. रुग्णाला यासाठी काहीच करावे लागत नाही आणि गॅडोलिनियमही लागत नाही, त्यामुळे गंभीर रुग्णांच्या बाबतीत मी याच मार्गाला प्राधान्य देईन.

गॅडोलिनियमविना रक्तप्रवाह मोजणारे एएसएल तंत्रही जोडीला घ्यावे. त्यात मानेतील रक्ताचे चुंबकीय चिन्हांकन करून ते मेंदूत पोचेपर्यंत थांबायचे असते. २०१५ च्या तज्ज्ञसंमत शिफारशीनुसार प्रौढ रुग्णांसाठी १.८ सेकंद चिन्हांकन आणि २ सेकंद प्रतीक्षा ठेवतात. अरुंद किंवा वळणाच्या मार्गाने येणाऱ्या रक्ताला ही प्रतीक्षा अपुरी पडते. मग ऊती रिकामी आणि तिच्या रोहिण्या झगझगीत दिसतात, म्हणजे प्रवाह नाही असे नसून रक्त वाटेत आहे. शक्य असल्यास अनेक प्रतीक्षाकाळांचा क्रम वापरावा आणि आगमनाचा वेळ वेगळा मोजावा.

रुग्ण आणि त्याला द्यायचे काम

प्रवेशाचे निकष लिहिताना इजेची जागा, आकार, स्ट्रोकपासूनचे दिवस आणि मानेतील व मेंदूतील मोठ्या रोहिण्यांची अवस्था या चारही गोष्टी नोंदवाव्यात. शरीरातील धातू, पेसमेकर यांची तपासणी नेहमीप्रमाणे करावी. वाचाघात झालेल्या रुग्णाची संमती घेताना चित्रे, लहान वाक्ये आणि जवळच्या नातेवाइकाची उपस्थिती यांचा आधार घ्यावा, आणि रुग्णाला समजले आहे की नाही हे त्याच्याकडूनच तपासावे. नुसती मान डोलावणे म्हणजे संमती नव्हे.

कामाची निवड हा या अभ्यासांचा खरा नाजूक भाग आहे. सर्वांना सारखेच काम दिले तर निरोगी माणसाला ते सहज जमते आणि रुग्णाला जिकिरीचे होते, आणि मग दोघांच्या नकाशांतील फरक हा आजाराचा की कष्टांचा, हे सांगता येत नाही. म्हणून हाताची पकड अभ्यासायची असल्यास प्रत्येकाची सर्वाधिक पकड आधी मोजावी आणि काम तिच्या ठरावीक टक्क्यांवर, उदाहरणार्थ २० टक्क्यांवर, बेतावे. पकड मोजणारे उपकरण स्कॅनच्या दरम्यानही चालू ठेवावे, कारण रुग्णाने काम खरोखर केले की नाही याची नोंद नसेल तर कोऱ्या नकाशाला चौथा अर्थ फुटतो. हात अजिबात हलत नसेल तर मनगटाची निष्क्रिय हालचाल परीक्षकाने करून द्यावी. तिचा नकाशा संवेदनेचा असतो, हालचालीच्या हेतूचा नसतो, एवढे भान ठेवले म्हणजे झाले.

स्ट्रोकनंतर एका हाताने जोर लावताना दुसरा हात नकळत तीच हालचाल करतो. ही प्रतिबिंब-हालचाल डोळ्यांना दिसेलच असे नाही. ती टिपण्यासाठी दोन्ही हातांवर स्नायूंची विद्युत नोंद ठेवावी, नाहीतर विरुद्ध गोलार्धातील सक्रियतेचे अर्थ लावण्यात पाने खर्ची पडतात आणि कारण निघते निरोगी हाताची चुळबुळ. जोर लावताना डोके हलणे हाही रुग्णांत नेहमीचा दोष आहे. कामाचा सराव स्कॅनरबाहेर आडवे झोपून करून घ्यावा, कोपराखाली उशी द्यावी, आणि काम-विश्रांतीचे टप्पे २० सेकंदांच्या आसपास ठेवावेत. भाषेच्या अभ्यासात मोठ्याने बोलण्याने डोके हलते आणि मनातल्या मनात बोलण्याने उत्तर तपासता येत नाही. ऐकून बटण दाबण्याचे सोपे काम हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे. चुकलेली उत्तरे वेगळी काढून त्यांचे विश्लेषण निराळे करावे.

स्कॅनचा क्रम

थकवा हा स्ट्रोकच्या रुग्णाचा स्थायी सोबती असल्याने संपूर्ण सत्र पाऊण तासाच्या आत आटपावे. आधी टी१ (मेंदूची रचना दाखवणारी प्रतिमा), फ्लेअर आणि डिफ्यूजन घ्यावे; पाठोपाठ विश्रांतावस्थेतील स्कॅन, कारण काम केल्यानंतरची विश्रांती ही पूर्वीसारखी नसते; मग काम, एएसएल आणि शेवटी विस्फारक्षमता. रोहिण्यांचे चित्रण आणि रक्तस्रावाला संवेदनशील असलेला एसडब्ल्यूआय क्रम वगळू नये. इन्फार्क्टमध्ये झिरपलेले रक्त आपल्याभोवतीचा बोल्ड संकेतच गिळून टाकते, आणि एसडब्ल्यूआय नसेल तर ती पोकळी निष्क्रिय ऊती म्हणून मोजली जाते. ३ टेस्लाच्या स्कॅनरवर बोल्डसाठी इको-वेळ सुमारे ३० मिलिसेकंद, पुनरावृत्ती २ सेकंद किंवा कमी आणि २ ते ३ मिलिमीटरचे व्हॉक्सेल हे प्रचलित मूल्य पुरेसे आहे.

विश्लेषण

इजाग्रस्त भागाची सीमा फ्लेअर किंवा टी१ प्रतिमेवर हाताने आखावी, निदान स्वयंचलित सीमा हाताने तपासावी. दोन परीक्षकांनी एकमेकांचे काम न पाहता ती आखली तर उत्तम. हा मास्क, म्हणजे आखलेला इजेचा भाग, पुढे प्रत्येक पायरीवर लागतो. रुग्णाचा मेंदू प्रमाणित नकाशावर बसवताना संगणक दोन्ही प्रतिमांतील फरक कमीत कमी करण्याचा प्रयत्न करतो, आणि तसे करताना इन्फार्क्टची पोकळी भरून काढण्यासाठी शेजारची निरोगी ऊती ओढून ताणतो. २००१ मध्ये सुचवलेल्या पद्धतीप्रमाणे मास्कमधील व्हॉक्सेल या हिशेबातून वगळले की हा दोष बराच कमी होतो. एसपीएम आणि एफएसएल या दोन्ही संगणक-प्रणालींत तशी सोय आहे. बसवलेली प्रत्येक प्रतिमा डोळ्यांनी पाहावी. रुग्णसंख्या वाढवण्यासाठी उजव्या बाजूच्या इजा आरशाप्रमाणे डावीकडे उलटवण्याची प्रथा आहे. हाताच्या हालचालीपुरती ती क्षम्य म्हणता येईल, भाषेच्या अभ्यासात मुळीच नाही.

प्रतिसादाचे प्रतिमान लवचिक ठेवावे. ठरीव आकाराला त्याचे कालिक व विस्ताराचे अवकलज जोडावेत किंवा आकार गृहीतच न धरता प्रत्येक क्षणाचा प्रतिसाद स्वतंत्रपणे मोजावा. दुसऱ्या पद्धतीत संवेदनशीलता घटते, पण उशिराने येणारा प्रतिसाद हातचा जात नाही. विश्रांतावस्थेतील जोडण्या काढताना हीच काळजी दुसऱ्या रूपात घ्यावी लागते: दोन प्रदेशांपैकी एकाला रक्त ३ सेकंद उशिरा पोचत असेल, तर त्यांच्या चेतापेशी एकतालात असूनही सहसंबंध कमी येतो आणि ‘जोडणी तुटली’ असा अहवाल तयार होतो. आधी काढलेला उशीर प्रत्येक व्हॉक्सेलच्या मालिकेतून दुरुस्त करून जोडण्या पुन्हा काढाव्यात, आणि दुरुस्तीपूर्व व दुरुस्तीनंतरचे दोन्ही निकाल द्यावेत.

संख्याशास्त्रीय उंबरठा सैल ठेवण्याचा मोह लहान गटांत फार होतो. समूह-आधारित चाचणीत, म्हणजे शेजारशेजारच्या सक्रिय व्हॉक्सेलांचे पुंजके तपासताना, व्हॉक्सेलचा प्राथमिक उंबरठा सैल असल्यास खोटे निष्कर्ष अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक येतात, हे २०१६ मध्ये एकलुंड आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे; म्हणून पी ०.००१ हून सैल उंबरठा वापरू नये. गटाच्या सरासरीसोबत प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र नकाशा छापावा, कारण स्ट्रोकचे दोन रुग्ण एकसारखे नसतात आणि सरासरी नकाशा त्यांच्यापैकी कोणाचाच नसू शकतो.

अर्थ लावताना

विस्फारक्षमता शाबूत, एएसएलमध्ये प्रवाह पुरेसा, ऊती फ्लेअरवर निरोगी, आणि तरीही कामाचा प्रतिसाद नाही, असे आढळल्यास ऊती जिवंत असून निष्क्रिय आहे असे म्हणण्याला आधार मिळतो. दूरच्या इजेमुळे जोडलेला प्रदेश असा मूक होण्याला फॉन मोनाकोव यांनी १९१४ मध्ये डायस्किसिस हे नाव दिले. मोठ्या मेंदूच्या एका बाजूच्या इजेनंतर लहान मेंदूच्या विरुद्ध बाजूचा रक्तप्रवाह व चयापचय घटणे हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. तेथे प्रवाहाची घट हे कारण नसून मागणी कमी झाल्याचा परिणाम असतो. याउलट विस्फारक्षमता हरवलेली असेल तर कामाच्या नकाशावरून त्या जागेविषयी काहीही बोलू नये.

विरुद्ध गोलार्धातील सक्रियता बरी होण्याची खूण की अपयशाची, हा वाद जुना आहे, आणि त्याचे एकच उत्तर नाही कारण काळानुसार चित्र बदलते. २००३ मध्ये वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी त्याच रुग्णांचे वारंवार स्कॅन केले, तेव्हा हाताची शक्ती परतत गेली तशी सुरुवातीची विस्तृत सक्रियता आटत गेलेली दिसली. २००६ मध्ये साउर आणि सहकाऱ्यांनी वाचाघाताच्या रुग्णांत तीन टप्पे नोंदवले: पहिल्या दिवसांत डाव्या भाषाक्षेत्रांचा क्षीण प्रतिसाद, सुमारे दोन आठवड्यांनी उजव्या बाजूसह उसळी, आणि सुमारे वर्षाने पुन्हा डावीकडे परतणे. एकाच वेळी घेतलेल्या स्कॅनवरून पुनर्रचनेविषयी बोलणे म्हणूनच धाडसाचे ठरते. किमान पहिला आठवडा, दुसरा ते चौथा आठवडा आणि तिसरा महिना असे तीन स्कॅन आखावेत, आणि निरोगी तुलनागटाचेही त्याच अंतराने तीन स्कॅन करावेत, म्हणजे सरावाने होणारा बदल वजा करता येतो. सक्रिय दिसणारा प्रदेश कामाला खरोखर आवश्यक आहे का, हे एफएमआरआय सांगू शकत नाही. कवटीबाहेरून दिलेल्या चुंबकीय उद्दीपनाने तो प्रदेश क्षणभर विस्कळीत करून काम बिघडते का ते पाहावे लागते.

निकाल छापताना कामाच्या नकाशाशेजारी त्याच छेदाचा विस्फारक्षमतेचा नकाशा ठेवावा. ज्या व्हॉक्सेलमध्ये ती मोजता आली नाही किंवा ऋण आली, ते कोरे न ठेवता करड्या रंगाने भरावेत आणि चित्राखालच्या ओळीत करडा रंग म्हणजे ‘अनिर्णित’ असे स्पष्ट लिहावे.